नाव काढणे आणि नावे ठेवणे : एका गेमकर्त्याच्या कीर्तीचा इतिहास

आजच्या पुष्पाचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळी मघाशी हसली. तत्त्वज्ञानाच्या माणसानं आयुष्यभर न्याय, वेदान्त, कांट शिकवायचा आणि निवृत्तीनंतर वरंधला येऊन व्हिडिओ गेमवर बोलायचं, हे काय म्हणून? तर त्याचं उत्तर आधी देतो आणि मग पुढे जातो.

आपल्या मराठीत 'नाव' या शब्दाभोवती मोठा पसारा आहे. पोरानं नाव काढलं, असं आपण कौतुकानं म्हणतो. नाव बुडवलं, असं कपाळाला हात लावून म्हणतो. बाळाचं बारसं करतो तेव्हा आपण नाव ठेवतो, आणि तेच बाळ मोठं होऊन काही करायला लागलं की आपण त्याला नावे ठेवतो. क्रियापद तेच आहे, फक्त एकवचनाचं अनेकवचन झालं. आम्हाला यात गंमत वाटत आली आहे. भाषेनं एक गोष्ट हेरून ठेवली आहे, ती अशी की माणसाचं नाव त्याच्या एकट्याच्या मालकीचं नसतं. ते दुसरे ठेवतात, दुसरे घेतात, आणि दुसरेच टाकतात.

आता हा लौकिक नावाचा प्रकार कसा तयार होतो, कसा बिघडतो आणि कधी कधी कसा दुरुस्त होतो, हे बघायचं असेल तर राजे-महाराजे फार मोठे पडतात. त्यांच्याबद्दल आपली मतं आधीच पक्की असतात. म्हणून आम्ही एक लहान, ताजं आणि ज्याची कागदपत्रं शिल्लक आहेत असं उदाहरण घेतलं आहे. गेम बनवणारा एक माणूस. त्याच्या नावावर एक उत्तम गेम आहे, आणि जगातला सर्वांत वाईट म्हणून गाजलेला गेमही त्याच्याच नावावर आहे. त्याच्यानंतर आपण मुंबईत येऊ, पुण्यात जाऊ आणि शेवटी महाड-पोलादपूरच्या आपल्या घरांतल्या कपाटांपर्यंत येऊ.

बिननावाचे कारागीर

ज्यांची आज तिशी-चाळिशी आहे त्यांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' आपल्या गावांतूनही आला. वरती पिवळी किंवा लाल कॅसेट खोचायची. त्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं काहीतरी लिहिलेलं असायचं, आणि आत मोजून पाच-दहा गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे. त्यातला मिशीवाला मारिओ सगळ्यांना माहीत होता. तो शिगेरू मियामोतो नावाच्या जपानी माणसानं घडवला, हे त्या पोरांना कोण सांगणार? त्या कॅसेटी बहुतेक नकली. त्यांतून मूळ कंपनीचं नाव पुष्कळदा खोडलेलंच असे.

नाव खोडण्याचा उद्योग मात्र नकली माल विकणाऱ्यांनी सुरू केला नाही. तो मूळ घरातच होता. अमेरिकेतली अटारी ही त्या काळची सर्वांत मोठी कंपनी. तिच्या घरगुती यंत्रासाठी, म्हणजे ज्याला पुढे अटारी २६०० म्हटलं गेलं त्यासाठी, एक गेम बहुधा एकच माणूस लिहीत असे. कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, आज्ञावली त्याची. पण खोक्यावर नाव कंपनीचं. कारणं उघड होती. नाव झालं की माणूस जास्त पैसे मागणार, आणि दुसरी कंपनी त्याला पळवणार.

यावर वॉरन रॉबिनेट नावाच्या एका कारागिरानं काय केलं? 'ॲडव्हेंचर' नावाच्या आपल्या गेममध्ये त्यानं एक गुप्त खोली ठेवली. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा एक ठिपका उचलून विशिष्ट ठिकाणी नेला तरच ती उघडायची, आणि आत त्याचं नाव झळकायचं. कंपनीला पत्ता नव्हता. गेम बाजारात आला, आणि अमेरिकेतल्याच एका मुलानं पत्र लिहून ही खोली सापडल्याचं कळवलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. आपल्याकडे लेण्यांच्या भिंतींवर दात्यांची नावं सापडतात, छिन्नी चालवणाऱ्यांची फारशी सापडत नाहीत. त्या छिन्नीवाल्यानं एखाद्या कोपऱ्यात गुपचूप आपलं नाव कोरावं, तसा हा प्रकार.

१९७९ मध्ये अटारीतले चार निष्णात कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. या कंपनीनं गेमबरोबर कर्त्याचं नाव छापायला सुरुवात केली. म्हणजे बघा, या धंद्यात 'नाव' हीच भांडणाची पहिली गोष्ट होती. आणि नाव मिळालं की त्याबरोबर नावे ठेवून घेण्याचा धोकाही येतो. आपला आजचा नायक नेमका या वेळी अटारीत दाखल झाला.

पाच आठवडे

त्याचं नाव हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ. १९८१ च्या आरंभी तो अटारीत आला. त्याचा पहिला गेम 'यार्स रिव्हेंज', १९८२ मधला. मूळ काम दुसऱ्या एका गेमचं रूपांतर करण्याचं होतं. या यंत्रावर ते नीट बसणार नाही, हे त्यानं ओळखलं आणि त्याच बीजातून वेगळाच गेम उभा केला. तो खूप खपला. आजही त्या यंत्रावरच्या उत्तम गेमांत त्याची गणना होते. त्याचा दुसरा गेम स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटावर होता. तोही चालला.

मग आलं 'ई.टी.'. १९८२ च्या उन्हाळ्यात हा चित्रपट जगभर गाजत होता. त्यावर गेम करण्याच्या हक्कांची बोलणी जुलैच्या अखेरीपर्यंत लांबली. हक्कांसाठी दोन-अडीच कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. नाताळच्या बाजारात कॅसेट पोहोचायची तर कारखान्याला मजकूर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच द्यायला हवा होता. वॉर्शॉला फोन आला तेव्हा हातात साधारण पाच आठवडे उरले होते. 'यार्स रिव्हेंज'ला कित्येक महिने लागले होते.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर पाच आठवडे म्हणजे काय ते कळणार नाही. त्या यंत्राची चालू स्मृती होती १२८ बाइट. आजच्या रूढ पद्धतीनं देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे १२८ बाइटांत बेचाळीस चिन्हं मावतात. काना-मात्रा धरून एक लांबसं वाक्यही पुरं होत नाही. एवढ्याशा जागेत खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे आहे, गुण किती झाले, हे सगळं लक्षात ठेवायचं. आख्ख्या कॅसेटमध्ये जागा ८ किलोबाइट, म्हणजे आपली हस्तलिखित दोन-तीन पानं. आणि एकदा कॅसेट छापली की छापली. आज मोबाइलवर गेम आला आणि त्यात चूक निघाली तर रात्रीतून दुरुस्ती येते. तेव्हा ती सोय नव्हती.

आता कोणी म्हणेल, बिचारा कारागीर, साहेबांनी राबवून घेतला. तसंही सरळ नाही. वॉर्शॉनं हे काम मागून घेतलं नसलं तरी आव्हान म्हणून आनंदानं स्वीकारलं. त्याचा मोबदला त्यानं ठरवून घेतला: दोन लाख डॉलर आणि हवाई बेटांची सहल. स्पीलबर्गनं सुचवलं होतं की पॅक-मॅनसारखं काहीतरी सोपं कर. वॉर्शॉला ते उसनं वाटलं. त्याला नवं काहीतरी करायचं होतं, आणि त्यानं ते केलं. त्याच्या गेममध्ये ई.टी. फोनचे तीन तुकडे गोळा करतो आणि आपल्या घरी निरोप पाठवतो. गोळ्या झाडायच्या नाहीत, कोणाला मारायचं नाही. कल्पना चांगली होती. पण जिकडेतिकडे खड्डे होते. ई.टी.चं डोकं जरी खड्ड्याच्या कडेला लागलं तरी तो आत पडायचा. वर यायचं, पुन्हा पडायचं. लहान मुलं वैतागली.

सुमारे ४० लाख कॅसेट बनवल्याचं सांगतात. त्यांतल्या १५ लाखांच्या आसपास खपल्या. आकडा लहान नाही, पण उरलेला माल डोंगराएवढा. १९८२ च्या डिसेंबरात अटारीच्या मालक कंपनीनं नफ्याचा अंदाज खाली आणला आणि तिचा शेअर कोसळला. १९८३ साली अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकेतला गेमचा सगळा बाजार १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरचा होता, तो १९८५ पर्यंत १० कोटींवर आला, असं इतिहासकार सांगतात. आणि त्याच १९८३ च्या सप्टेंबरात अटारीनं न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला.

झालं. गोष्टीला गोष्टीचा आकार आला. एक वाईट गेम, त्यामुळे बुडालेली कंपनी, त्यामुळे बुडालेला आख्खा धंदा, आणि वाळवंटात पुरलेलं प्रेत. वॉर्शॉ हा 'धंदा बुडवणारा माणूस' ठरला.

ऐकीव ज्ञानाची किंमत

आता आम्ही आमच्या जुन्या दुकानाकडे वळतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणी सांगितलं म्हणून आपण मानतो ते. पण नैयायिकांनी तिथे अट घातली, सांगणारा आप्त हवा. म्हणजे त्याला ती गोष्ट खरोखर माहीत हवी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी.

'ई.टी. हा जगातला सर्वांत वाईट गेम' हे वाक्य गेली कित्येक वर्षं लोक एकमेकांना सांगत आहेत. सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी तो खेळला? यादी करणाऱ्यानं आधीची यादी वाचलेली असते, आणि आधीच्यानं त्याच्या आधीची. वरंध घाटात एका ठिकाणी हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. परत आलेल्या आवाजाला कोणी दुसरा साक्षीदार म्हणत नाही. लौकिकाच्या बाबतीत मात्र आपण प्रतिध्वनी मोजतो आणि म्हणतो, एवढे लोक सांगतात म्हणजे खरंच असणार.

दुसरा दोष अनुमानाचा. गेम वाईट होता, नंतर धंदा बुडाला, म्हणून गेममुळे धंदा बुडाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्या वेळी बाजारात बरेवाईट गेम करणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता. दुकानदार न खपलेला माल परत पाठवत होते. घरगुती संगणक स्वस्त होत होते. खुद्द अटारीनं पॅक-मॅनच्या कॅसेटीही खपापेक्षा लाखोंनी जास्त काढून ठेवल्या होत्या. चाळीस लाख कॅसेट छापायचा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्यानं घेतला नव्हता. पण व्यवस्थापनाचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही आणि ई.टी.चा येतो, म्हणून बोट तिकडे गेलं.

तिसरा मुद्दा जरा खोलातला आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या प्रश्नाला तोंड फोडलं. आपण तो आपल्या रस्त्यावर आणून बघू. समजा, वरंध घाटातून दोन ट्रक उतरताहेत. दोघा ड्रायव्हरांनी ब्रेक तपासण्याचा सारखाच आळस केला आहे. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, तो बिरवाडीला जाऊन चहा पितो. दुसऱ्याच्या वाटेत गुरं घेऊन चाललेला माणूस येतो. आळस सारखा, पण एकाला आपण काहीच म्हणत नाही आणि दुसऱ्याला जन्मभर खुनी म्हणतो. हे न्याय्य आहे का? आणि नसेल, तर आपण ते टाळू शकतो का? विल्यम्स आणि नेगेल म्हणतात की याचं सोपं उत्तर नाही. गीता फळावर अधिकार नाही असं सांगते खरी, पण गावचा लौकिक फळावरच ठरतो.

वॉर्शॉचंही असंच. तीच बुद्धी, तोच हट्ट, सोपी वाट न धरण्याची तीच सवय 'यार्स रिव्हेंज'मध्ये फळाला आली आणि 'ई.टी.'मध्ये अंगाशी आली. पहिल्या वेळी महिने हातात होते, दुसऱ्या वेळी आठवडे. पण म्हणून त्याला पूर्ण निर्दोषही ठरवता येत नाही. पाच आठवड्यांत होणार नाही, असं म्हणण्याचा मार्ग मोकळा होता, आणि तो त्यानं घेतला नाही. दोष होता, पण तो एका माणसाच्या मापाचा होता. त्याला शिक्षा झाली ती आख्ख्या धंद्याच्या मापाची.

खड्डा उकरल्यावर

आता पुढची हकिगत ऐका, कारण आमच्या मते या व्याख्यानाचं सार तिच्यात आहे.

२०१३ मध्ये गेमच्या एका शौकिनानं 'ई.टी.'ची मूळ आज्ञावली उलगडून पाहिली आणि तिच्यात थोड्याच जागी बदल करून दाखवले. खड्ड्यात पडण्याचा नियम असा बदलला की पाय खड्ड्यात पडला तरच ई.टी. आत जाईल. एवढ्यानं गेम बराच खेळण्याजोगा झाला. म्हणजे तीस वर्षं ज्याला मुळापासून नासका म्हटलं, तो थोड्याशा दुरुस्तीनं सुधारण्यासारखा होता.

पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल २०१४ रोजी, आलामोगोर्डोचा तो कचरा डेपो उकरला. लोक जमले होते, चित्रीकरण चालू होतं, आणि वॉर्शॉ स्वतः हजर होता. मातीतून सुमारे १३०० कॅसेट वर काढल्या. पुरण्याच्या कामाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनी सांगितलं की एकूण माल ७ लाख २८ हजारांच्या घरात होता. दंतकथा अशी होती की तिथे लाखो ई.टी. पुरले आहेत. प्रत्यक्षात ई.टी. निघाला तसे इतरही कितीतरी गेम निघाले. 'सेंटिपीड'सारखे लोकप्रिय गेमही त्यात होते. म्हणजे तो एका गेमचा दफनविधी नव्हताच, एका कंपनीचा शिल्लक माल होता. पुढे त्या कॅसेटींचा लिलाव होऊन एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, आणि एक कॅसेट स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. वॉर्शॉ तोवर मानसोपचारतज्ज्ञ झाला होता. २०२० मध्ये त्यानं आपली हकिगत पुस्तकरूपानं लिहिली.

त्याचा लौकिक आज 'संमिश्र' आहे. सर्वांत वाईट या यादीत नाव अजून येतंच, पण पाच आठवड्यांत एवढं उभं करणारा म्हणून मानानंही घेतलं जातं. हे कशामुळे घडलं? लोक अचानक दयाळू झाले म्हणून नव्हे. वस्तू शिल्लक होती म्हणून. कॅसेट होती, आज्ञावली होती, खड्डा होता, त्यावर हात ठेवून तपासता येत होतं. शब्दप्रमाणाला आव्हान द्यायला प्रत्यक्ष हजर होतं. फेरतपासणी झाली ती पुरावा जागेवर होता म्हणून.

मुंबई, पुणे आणि हरवलेला पुरावा

आता आपल्या घरी येऊ. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी सुरू केली. भारतात गेम हा धंदा होऊ शकतो, हे ज्यांनी सुरुवातीला दाखवलं त्यांत हे नाव घ्यावंच लागतं. पुढच्या दशकात कंपनीचा भर मोबाइलच्या गेमवर होता. बटणांचे फोन आठवा. दोन, चार, सहा, आठ या बटणांनी वर-खाली जायचं आणि पाच दाबून उडी मारायची. स्क्रीन काड्यापेटीएवढी. अनेक फोनांवर आख्खा गेम ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक मॉडेलच्या फोनची स्क्रीन वेगळी, त्यामुळे एकच गेम शेकडो फोनांसाठी पुन्हा पुन्हा कापून-बेतून द्यायचा. शिंप्याकडे एकाच कापडातून आख्ख्या गावाचे कपडे बेतायला द्यावेत, तसं काम. ते करणारी पोरं विशी-पंचविशीतली होती. त्यांची नावं गेमवर नसायची.

या कंपनीबद्दलही दोन तोंडांनी बोललं जातं. एक म्हणतं, यांनी पायवाट पाडली, माणसं तयार केली, परदेशी चित्रपटांचे हक्क मिळवून भारतात काम आणलं. दुसरं म्हणतं, चित्रपट आला की त्याच्या नावावर घाईघाईनं गेम काढायचा, क्रिकेटचा हंगाम आला की क्रिकेटचा काढायचा, यात स्वतःचं म्हणण्यासारखं काय? ही तक्रार ओळखीची वाटते ना? हक्क महाग, वेळ थोडा, तारीख ठरलेली. तोच 'ई.टी.'चा सापळा. फरक इतकाच की पैशाचा मोठा हिस्सा इथे मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या ठेवून घेत, मग गेमवर खर्च करायला उरणार किती?

कंपनीची मालकी बदलत गेली. आधी टॉम ऑनलाइन ही चिनी कंपनी आली, २००७ मध्ये यूटीव्ही आली, आणि २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नीच्या ताब्यात गेली. गोंडल बाहेर पडले आणि आरोग्याच्या क्षेत्रात त्यांनी नवी कंपनी काढली. गेमच्या संदर्भात त्यांचं नाव देशभर पुन्हा ऐकू आलं ते २०२० मध्ये. २ सप्टेंबरला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत 'फौ-जी' या गेमची घोषणा झाली. तो बंगळुरूच्या एन-कोअर गेम्सचा, आणि गोंडल त्यामागे उभे. २६ जानेवारी २०२१ ला तो आला. लोकांची अपेक्षा होती पबजीला पर्याय मिळेल अशी, आणि हातात पडली गलवान खोऱ्यातली एकट्यानं खेळायची हातघाईची लढाई. लाखोंनी तो उतरवून घेतला आणि थोड्याच दिवसांत त्याचे तारे घसरले. काहींनी खरोखर निराश होऊन कमी तारे दिले, काहींनी पबजीच्या प्रेमापोटी दिले, असंही बोललं गेलं. घोषणेच्या दिवशी जे नाव डोक्यावर घेतलं, त्याच नावाला पाच महिन्यांत नावे ठेवली गेली. गेम चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न. पण आधी वाढवलेल्या अपेक्षेशी तुलना होत असेल, तर जे मोजलं जातं ती कलाकृती नसते, जाहिरात असते.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा गेम आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि आपल्या पुराणांतले देव. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पुरा केला. जगभरच्या परीक्षकांनी चित्रकला आणि वास्तुशैली वाखाणली, आणि लढाईचा भाग कच्चा आहे, गोष्ट लवकर संपते, असंही लिहिलं. हा आम्हाला निकोप संमिश्र लौकिक वाटतो. कारण दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी वस्तू हातात घेऊन पाहिलेली आहे.

मग बटणांच्या फोनवरच्या त्या शेकडो गेमचं काय? त्यांच्याबद्दल आज कोणी म्हणालं की सगळे सुमारच होते, तर खोडून काढायला पुरावा कुठे आहे? आणि कोणी म्हणालं की त्यांत रत्नं होती, तर ती दाखवणार कशी? फोन मोडीत गेले. गेम फोनच्या पोटात होते, तेही गेले. कंपनीची मालकी फिरत राहिली की जुन्या फायलींची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. आपल्या देशात १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि मुंबईतही असं एक ग्रंथालय आहे. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची फालतू कादंबरीही आज मागवून वाचता येते आणि तिच्यावर झालेला अन्याय दूर करता येतो. तो कायदा पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी आहे. गेमची प्रत कुठे द्यावी, असा नियम नाही. अमेरिकेतल्या कचरा डेपोनं जे जपलं, ते आपल्याकडच्या कपाटांनी जपलं नाही.

या खोऱ्याचा एक दाखला

तुम्ही म्हणाल, सर, गेमच्या पलीकडे याचं काय? तर याच मातीतलं उदाहरण घ्या. मुरारबाजी देशपांडे महाडकडचे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा ते मोऱ्यांच्या बाजूनं महाराजांच्या फौजेशी लढले. पुढे स्वराज्यात आले आणि १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना पडले. आज त्यांचं नाव आपण पुरंदरासाठी घेतो, आणि ते योग्यच आहे. पण जावळी पडली त्या दिवशी ते मारले गेले असते तर? तोच माणूस, तीच तलवार, तीच निष्ठा. आपण आज त्यांना कोणत्या यादीत घातलं असतं? त्यांना दुसरी संधी मिळाली आणि ती लिहून ठेवणारे मिळाले. मोऱ्यांच्या बाजूनं पडलेल्या बाकीच्यांना दोन्ही मिळालं नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. माणसाला नावे ठेवायला हरकत नाही. परीक्षण हवंच, नाहीतर 'नाव मोठं, लक्षण खोटं' अशी माणसं सुखानं मिरवतील. पण नावे ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मी ती वस्तू स्वतः पाहिली आहे का? तिच्या कर्त्याला किती वेळ आणि किती साधनं मिळाली होती? आणि ज्या नुकसानीचं खापर मी त्याच्यावर फोडतो आहे, तिच्यातला त्याचा वाटा नेमका किती? हे विचारूनही एखादं काम वाईटच ठरेल. ठरू द्या. निदान ते जेवढं वाईट आहे तेवढंच वाईट ठरेल.

मघाशी एका पालकांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं की मुलगा पुण्याला जाऊन गेम बनवायला शिकतो म्हणतो, लोक काय म्हणतील? लोक म्हणतील. इंजिनीअर झाला असता तरी काहीतरी म्हणालेच असते. त्याला जाऊ द्या, आणि एवढं सांगा की जे करशील त्यावर आपलं नाव लिही, आणि त्याची एक प्रत जपून ठेव. पहिलं केलं की जबाबदारी येते. दुसरं केलं की न्याय मागता येतो.

आणि आपल्यासाठी एक छोटं काम. घरोघरी कपाटात, ट्रंकेत, जुने बटणांचे फोन आणि त्या पिवळ्या कॅसेटी पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी एकदा चार्ज करून बघा, चालतात का. चालत असतील तर आत कोणते गेम आहेत, सुरुवातीला कोणाचं नाव येतं, हे एका वहीत लिहून काढा. कॉलेजातल्या मुलांना हाताशी घ्या. त्यातून फार मोठं काही निघेल असं नाही. पण वीस वर्षांनी कोणी या कारागिरांबद्दल बोलायला उभा राहिला, तर त्याच्या हातात ऐकीव गोष्टींशिवाय निदान एक वही असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.